मागच्या खोलीतला पारा

गोडदेव, भाईंदर पूर्व
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सविनय जयभीम. परवा फोन केला होता, पण तुम्ही "कोण? कोण?" करत राहिलात आणि शेवटी "आज दूध नको" म्हणून ठेवून दिलात. चाळीस वर्षं ते दाताचं मशीन कानाशी घोंघावल्यावर दुसरं काय होणार! म्हणून पत्र लिहितेय. पत्रं आवडतात असं तुम्हीच म्हणायचात, आता भोगा.

नाशिकची हवा मानवली का? नेहाताई जेवणात तिखट घालू देत नसतील. मुलगी असली तरी त्या बाबतीत त्यांचंच ऐका.

दवाखान्याचं सांगते. तुम्ही ज्याच्या हाती दवाखाना दिलात तो डॉ. अभिनव चांगला मुलगा आहे. त्याने पाटी बदलली, खुर्ची बदलली, मला तेवढं ठेवलं. जुने पेशंट अजून विचारतात, मोठे डॉक्टर कधी येणार? मी सांगते, मोठे डॉक्टर नाशिकला नातवाचे दात मोजतायत.

पण इथे सध्या एक गडबड चालू आहे. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ फिरतोय. दातात चांदी भरलेली असेल तर तुम्ही तोंडात विष घेऊन हिंडताय म्हणे. त्या चांदीत निम्मा पारा असतो हे लोकांना आता कळलंय, त्यामुळे रोज दोन-चार जण घाबरून येतात. काल गावातल्या सुलूमावशी आल्या. "बाय, माज्या तीन दातान चांदी हाय. ती इख हाय म्हनतान. काढू का न्हाय, तू सांग." मी त्यांना तोंड उघडायला लावलं. तिन्ही दात तुम्ही भरलेले, चांदी मी बनवलेली, वीस वर्षांत तसूभर हललेली नाही. मी म्हटलं, मावशी, घट्ट बसलेली चांदी त्रास देत नाही. उकरायला गेलात तर उलट त्यातली वाफ बाहेर पडेल. घरी जा आणि सुपारी कमी करा. डॉ. अभिनवनेही तेच सांगितलं. तो स्वतः चांदी भरत नाही, जगभर ती हळूहळू बंद करतायत म्हणतो, पण भरलेली उगाच काढायची नाही हे त्याचंही मत आहे.

आता माझं एक काम आहे. माझा उजवा हात थोडासा थरथरतो. चहाचा कप धरताना, एवढंच. आमचे हे, बुद्धभूषण, मागेच लागले म्हणून घोडबंदरच्या बसने ठाण्याला जाऊन एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, दातांच्या दवाखान्यात आहे, आधी चांदी बनवायचे. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. किती वर्षं बनवली, कशी बनवली, हातमोजे होते का, ते सगळं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा म्हणाल्या. त्याशिवाय त्यांना पुढचं ठरवता येत नाही. तेवढा एक कागद लेटरहेडवर पाठवा. पंधरा वर्षं हाताने चांदी केली, मग मशीन आलं, इतकं लिहिलंत तरी पुरे.

नेहाताईंना नमस्कार.

तुमची,
शीला


२७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सविनय जयभीम. तुमचं पत्र दिवाळीत मिळालं. पाच ओळी होत्या. वय झालं, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घे, विश्रांती घे, काळजी करू नकोस, मी आहे ना. कागदाचं मात्र विसरलात. आणि पंचेचाळीस हे काय हात थरथरायचं वय आहे? तुम्ही सत्तरीत एका झटक्यात अक्कलदाढ काढत होतात.

मागच्या पत्रात मी थोडी लपवाछपवी केली होती. प्रकरण कपापुरतं नाही. जुलैमध्ये अवजारांचा अख्खा ट्रे माझ्या हातून पेशंटच्या मांडीवर पडला. तेव्हापासून मी बाहेर काउंटरवर बसते आणि नंबर लावते. खुर्चीपाशी आता दिव्या नावाची मुलगी असते. घरी बुद्धभूषणच्या शर्टाला बटण लावायला गेले तर ते सुई माझ्या हातातून काढून घेतात.

परवा दुपारी पेशंट नव्हते तेव्हा दिव्याने विचारलं, "ताई, पूर्वी चांदी कशी बनवायचे?" मी रंगात येऊन सांगायला लागले. खलात चांदीची पूड घ्यायची, त्यावर बाटलीतला पारा ओतायचा आणि बत्त्याने घोटायचं. मग तो गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा, बारीक कुरकुर ऐकू येईपर्यंत. ती कुरकुर आली की चांदी तयार. मग मलमलच्या कापडात घालून पिळायचं, जास्तीचा पारा थेंब थेंब बाटलीत. दिव्या म्हणाली, "उघड्या हाताने?" मी म्हटलं, मग कशाने? हातमोज्यातून बोटाला चांदी कळत नाही, असं मला शिकवलं होतं.

मग मी तिला अंगठीची गंमत सांगितली. तुम्हाला आठवत असेल. लग्नानंतर कामावर आले त्या दिवशी मी अंगठी घालूनच चांदी मळली आणि संध्याकाळी बघते तर सोनं पांढरंफटक. तुम्ही इतके हळहळलात! म्हणालात, "शीला, कामाला बसताना अंगठी काढून ठेवत जा. पारा सोनं खातो." मी हसत होते. दिव्या हसली नाही. ती म्हणाली, "अंगठी काढायला सांगितली, आणि हात?" आजकालच्या मुली फार बोलतात. मी विषय बदलला.

तुम्ही लिहिलंत की माळ्यावरच्या जुन्या फायली रद्दीत घाल, बघत बसू नकोस. रविवारी काढते. कागद तेवढा नक्की पाठवा, ठाण्याची पुढची तारीख डिसेंबरातली आहे.

तुमची,
शीला


९ नोव्हेंबर २०२५

डॉक्टरसाहेब,

फायली काढल्या. पेशंटचे केसपेपर, नेहाताईंची शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि "खाजगी" लिहिलेलं एक पाकीट. खाजगी आहे म्हणून मी ते तुम्हाला पाठवायला बाजूला ठेवत होते. पण डिंक सुकलेला होता. उचलल्याबरोबर आतले कागद घसरून माझ्या पायावर पडले आणि वरच माझं नाव दिसलं.

अंधेरीच्या लॅबचा रिपोर्ट. तारीख १९ ऑगस्ट २०१३. दोन कागद एकत्र टाचलेले. एक तुमचा, लघवीतला पारा नऊ. एक माझा, एकशे सहा. खाली बारीक अक्षरात छापलंय, वीसपर्यंत ठीक.

मला तो दिवस आठवला. तुम्ही कुठल्या तरी परिषदेहून आला होतात आणि म्हणालात, दवाखान्यातल्या सगळ्यांची शुगर तपासून घेऊ. सगळे म्हणजे तुम्ही आणि मी. मी बाटली भरून दिली. आठवड्याने विचारलं तर म्हणालात, "एकदम नॉर्मल, बिनधास्त राहा." आणि मी बिनधास्त राहिले.

मशीन पुढच्या मार्चमध्ये आलं. ते बंद कॅप्सूल हलवणारं, ज्याला हात लावावा लागत नाही. मी तेव्हा किती खूश झाले होते, साहेबांनी माझे कष्ट वाचवले म्हणून सगळ्या गल्लीला सांगत फिरले. पण ऑगस्ट ते मार्च सात महिने होतात. ते सात महिने हा कागद तुमच्या कपाटात होता आणि ते कापड माझ्या हातात होतं. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही, आणि अवजारं उकळायचा डबा तिथेच चालू असायचा.

रिपोर्ट मी घरी नेला. बुद्धभूषण स्टीलच्या कारखान्यातून आले होते, मोरीत हात धूत होते. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "ऑगस्टचा आहे हा. आणि आपलं पुढच्या जानेवारीत झालं." एवढंच म्हणाले आणि धुतलेले हात परत धुवायला लागले.

जानेवारीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पाच महिने पोटात वाढलेला मुलगा गेला तेव्हा तुम्ही शहाळं घेऊन आमच्या घरी आला होतात. कॉटच्या कडेवर बसून म्हणालात, शरीर कधी कधी असं करतं शीला, कोणाचा दोष नसतो.

मला एकच विचारायचं आहे. ते म्हणताना हा कागद तुमच्या डोक्यात होता का?

शीला


२४ नोव्हेंबर २०२५

डॉक्टर,

तुमचं पत्र आणि तुमचा कागद, दोन्ही स्पीड पोस्टाने एका पाकिटातून आलं.

आधी कागदाबद्दल. "श्रीमती पंचशीला बुद्धभूषण हिवराळे या माझ्या दवाखान्यात १९९९ ते २०२५ या काळात स्वागत व साफसफाई या कामांवर होत्या. त्यांचे वर्तन चांगले होते." खाली सही, शिक्का.

मी तो काउंटरवर वाचला. समोर पेशंट होते म्हणून रडता आलं नाही. स्वागत व साफसफाई! मीरा रोडचे, बोरिवलीचे डॉक्टर आले की तुम्ही त्यांना मागच्या खोलीत घेऊन यायचात. "ही माझी शीला. हिच्यासारखी चांदी इथे कोणी बनवून दाखवावी." मी मान खाली घालून मळत राहायचे आणि आतून फुगायचे. दहावी नापास मुलगी, जालन्याहून आलेली, आणि एवढे मोठमोठे डॉक्टर तिचं काम उभं राहून बघतायत. दुसऱ्या कशाचा नाही, डॉक्टर, मला माझ्या हाताचा गर्व होता. तोच तुम्ही कागदावरून पुसलात. वर्तन चांगलं होतं म्हणे! वर्तन चांगलं होतं म्हणूनच विचारलं नाही काही.

आता पत्राबद्दल. तुम्ही लिहिता, त्या काळी सगळे असंच करायचे. मान्य. तुम्हालाही तसंच शिकवलं असेल. तुम्ही लिहिता, एका रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही, मूल पाऱ्यामुळे गेलं असं कोणी म्हणू शकत नाही. तेही मान्य. डॉ. अभिनवलाही मी विचारलं, तो म्हणाला, ताई, हो किंवा नाही मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. मी त्याच्यावर चिडले नाही, कारण त्याने खरं सांगितलं. तुम्ही लिहिता, तुला घाबरवायचं नव्हतं, मशीन बघून ठेवलं होतं, येईपर्यंत कशाला बोलायचं असं वाटलं.

घाबरले असते मी. घाबरून काय केलं असतं? काम सोडलं असतं. दुसरी मुलगी तयार करायला तुम्हाला सहा महिने लागले असते. किंवा सोडलंही नसतं. हातमोजे मागितले असते, दार उघडं ठेवलं असतं, तेवढे महिने काउंटरवर बसू द्या म्हटलं असतं. काय केलं असतं ते माझं मी ठरवलं असतं. काहीच सिद्ध होत नाही हे खरं, पण तुमच्याकडे लिहून आलेलं होतं आणि माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर मला दिवस राहिले नाहीत. बारा वर्षं मी स्वतःला दोष देतेय. त्या डिसेंबरात पाण्याचे हंडे उचलले म्हणून, उपाशी राहिले म्हणून. सासूबाई होत्या ना आमच्या, चंपाबाई, त्या जाईपर्यंत म्हणत होत्या, पायऱ्या फार चढलीस. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी निदान पायऱ्यांना दोष दिला नसता.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. "तुला दिवस गेलेत हे मला तू रजेवर गेल्यावरच कळलं, नाहीतर मी तुला त्या खोलीत पाठवलंच नसतं." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. डॉक्टर, मला ते फार खरं वाटायला हवंय. बाकी सगळं एक वेळ मी गिळेन. माणूस घाबरतो, चालढकल करतो, मीही ट्रे पडल्याचं तुमच्यापासून लपवलंच होतं. पण हे एवढं खरं असू दे.

स्वागत व साफसफाईचा कागद परत पाठवतेय. खरा पाठवा.

पंचशीला


१४ डिसेंबर २०२५

डॉक्टर,

खरा कागद आला नाही. तुमचा फोन आला. तुम्हाला माझं ऐकू येत नव्हतं, पण तुमचं मला स्पष्ट ऐकू आलं. लॅबचा रिपोर्ट पोस्टाने परत पाठव, तो खाजगी कागद आहे. त्यावर माझं नाव आहे, डॉक्टर. माझ्याच लघवीचा आहे तो. तुमच्या नावाचा कागद टाचणी काढून या पाकिटात ठेवलाय. माझा माझ्याकडे राहील.

ठाण्याला काल जाऊन आले. तुमचा कागद नव्हता, पण रिकाम्या हाताने गेले नाही. तुम्ही रद्दीत घाल म्हटलेले केसपेपर मी घातले नव्हते. ते उघडून बघताना लक्षात आलं, चांदी भरलेल्या प्रत्येक दातापुढे कोपऱ्यात "प" आहे, पंचशीलाचा. तुमचीच शिस्त ती. सुरुवातीला दोन-तीन दातांची चांदी तुटून आली तेव्हा तुम्ही म्हणालात, मळणाऱ्याने आपलं अक्षर घालायचं, म्हणजे कोणाची चूक ते कळेल. माझी चूक सापडावी म्हणून घालायला लावलेली अक्षरं, पंधरा वर्षांची, माझ्याच हातची. डॉ. अभिनवने त्यांच्यासोबत पत्र दिलं, हे केसपेपर याच दवाखान्यातले आहेत म्हणून. सुलूमावशींना कुठून कळलं कोण जाणे, त्याही बसमध्ये येऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंपुढे तोंड उघडून म्हणाल्या, "ही बगा, हिनं बनवलेली चांदी हाय. मी डोल्यानं बगितलंय हिला मलताना. साफसफाई कोन म्हनतं?"

बाईंनी सगळं बघितलं. मग मला सरळ सांगितलं, इतक्या वर्षांनी आता लघवीत काही सापडणार नाही. हा कंप पाऱ्याचाच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पूर्ण जाईल असंही नाही, पण औषधाने कमी होऊ शकेल. आणि माझ्या फाइलीत त्यांनी लिहिलं, हाताने पारा हाताळण्याचं काम, पंधरा वर्षं. मी त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मला रडू आलं. सुलूमावशींनी पदर पुढे केला.

लोक अजून विचारायला येतात, दातातली चांदी काढू का. मी अजून तेच सांगते, घट्ट आहे तोवर हात लावू नका. तुमच्यावरचा राग मी त्यांच्या दातांवर काढणार नाही. तोंडात गेलेली चांदी निमूट बसून आहे. ती तिथे जायच्या आधी कोणाच्या हातातून गेली, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. तुला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. सहा डिसेंबरला आम्ही दोघं दादरला चैत्यभूमीवर गेलो होतो. रांगेत उभं राहून राहून मी त्या वर्षीचा डिसेंबर आठवत होते. खूप प्रयत्न केला, डॉक्टर. तुम्हाला खरंच माहीत नसावं, अशी एखादी फट कुठे सापडते का ते बघत होते. सापडली नाही, उलट दुसरंच आठवलं.

तेव्हा नेहाताईंनाही दिवस होते. त्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या आणि एका दुपारी तुमचा डबा घेऊन दवाखान्यात आल्या. मला बघून मागच्या खोलीकडे यायला लागल्या, तर तुम्ही पेशंटला तसंच खुर्चीत सोडून धावलात आणि दारात हात आडवा घातलात. "आत नको येऊस, पारा असतो इथे. तुझ्या दिवसांत बरं नाही." मग मला हाक मारलीत, "शीला, नेहाला बाहेर खुर्ची दे."

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. मग आत जाऊन अर्धवट राहिलेलं कापड पिळलं. मला चौथा महिना चालू होता, आणि त्याचा पहिला पेढा मी तुमच्याच हातावर ठेवला होता.

पंचशीला